काकडीच्या धावपट्टीवर, प्रवासी म्हणून

शिर्डीचा विमानतळ शिर्डीत नाही. तो पंधराएक किलोमीटरवर, कोपरगाव तालुक्यातल्या काकडी गावच्या माळावर आहे. तिथून अर्ध्या तासावर राहाता तालुक्यातलं एक गाव, आणि त्या गावचे एक कॅप्टन व्हिएतनाममध्ये एअरबस ए-३२० चालवतात. घराजवळच्या या धावपट्टीवर त्यांनी एकदाही विमान उतरवलेलं नाही. सुट्टीत येतात ते हैदराबादच्या विमानातून, प्रवासी म्हणून. हे कानावर आलं आणि त्यांना भेटल्याशिवाय राहवेना.

आम्ही कुंपणाबाहेरच्या कच्च्या रस्त्यावर उभे होतो. विमान खाली येऊ लागलं तसं कॅप्टन बोलता बोलता थांबले आणि पुटपुटू लागले, "फिफ्टी, फोर्टी, थर्टी, ट्वेंटी..." जमीन किती फुटांवर आली हे विमान कॉकपिटमध्ये मोठ्याने सांगत असतं, ते आकडे. 'ट्वेंटी'ला त्यांचा उजवा हात हलकेच मागे सरकला. कॅप्टन डाव्या खुर्चीत बसतो, त्याचा उजवा हात इंजिनांच्या दांड्यांवर असतो आणि त्या क्षणी तो त्या मागे ओढतो. नंतर आम्ही पुष्कळ बोललो, पण त्या हातावरून माझं मन काही हललं नाही.

"अडीच हजार मीटर," ते धावपट्टीकडे बघत म्हणाले. "ए-३२०ला पुरते. पण चाकं ठरलेल्या जागीच टेकली पाहिजेत."

१ ऑक्टोबर २०१७ रोजी राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते हा विमानतळ सुरू झाला. नोव्हेंबर २०१९मध्ये धुरकट हवेमुळे इथली विमानं काही आठवडे बंद होती, कारण तेव्हा धावपट्टी डोळ्यांनी दिसल्याशिवाय उतरता येत नसे. मार्च २०२५पासून रात्रीही विमानं उतरू लागली. हे सगळं कॅप्टन घरच्या माणसाबद्दल सांगावं तसं सांगत होते.

१७ एप्रिल २०१९च्या रात्री जेट एअरवेजचं शेवटचं विमान अमृतसरहून मुंबईला आलं आणि शेकडो वैमानिक घरी बसले. कॅप्टन त्यांतलेच. वैमानिकाला घरी बसणं परवडत नाही ते केवळ पगारापायी नव्हे. नव्वद दिवसांत तीन उड्डाणं आणि तीन लँडिंग झाली नाहीत, तर प्रवासी घेऊन उडता येत नाही. सहा महिन्यांत सिम्युलेटरची परीक्षा झाली नाही, तर लायसन्स नुसता कागद. म्हणून पुढे जी पहिली दारं उघडली, ती अनेकांनी धरली. कुणी आखातात गेलं, कुणी आग्नेय आशियात.

व्हिएतनाममधलं रोजचं काम इथल्यासारखंच: हवामान वाचायचं, इंधन ठरवायचं, दानांग किंवा फुकुओकच्या फेऱ्या करायच्या आणि हॉटेलवर परतायचं. वेगळा आहे तो करार. विमान एका कंपनीचं, करार एजन्सीशी, लायसन्स भारताचं आणि त्यावर व्हिएतनामची तात्पुरती मान्यता. सहा आठवडे तिथे, दोन आठवडे घरी. आणि कंपनीला नको झालं तर तीस दिवसांची नोटीस.

"तीस दिवस," ते पुन्हा म्हणाले. "आपल्याकडे २०१७च्या नियमाने कॅप्टनला नोकरी सोडायची तर वर्षभर आधी सांगावं लागतं. तिकडे मला काढायला तीस दिवस पुरतात."

काम एकाचं आणि करार दुसऱ्याशी, ही रचना आपल्या जिल्ह्यात नवी नाही. दिवाळीनंतर साखर कारखान्यांच्या फडावर येणारा ऊसतोड मजूर कारखान्याचा नोकर नसतो. तो मुकादमाचा असतो. पैशाच्या बाबतीत कॅप्टन आणि तो मजूर यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि तो विसरून चालणार नाही. पण काम एकाचं आणि जबाबदारी कुणाचीच नाही, ही गाठ दोन्हीकडे सारखीच बसलेली आहे. कोरोनात ती उघडी पडली. एप्रिल २०२०मध्ये कोरियन एअरने आपल्या सगळ्या परदेशी वैमानिकांना सक्तीच्या बिनपगारी रजेवर पाठवलं. स्थानिक वैमानिकांना संघटना होती, सेवाज्येष्ठता होती. कंत्राटी माणसाकडे यांतलं काहीच नसतं.

आपणही परदेशी वैमानिकांना असंच वागवलं. विमान कंपन्या भराभर वाढल्या तेव्हा तात्पुरत्या परवान्यावर त्यांना बोलावलं, त्यांना परत पाठवायच्या मुदती जाहीर केल्या आणि गरज पडेल तशा वाढवत नेल्या. विश्रांतीचे नवे नियम लागू झाल्यावर डिसेंबर २०२५मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, कारण त्या नियमांत बसवायला वैमानिकच पुरेसे नव्हते. अनुभवी कॅप्टन त्या वेळी हो ची मिन्ह सिटीच्या धावपट्टीवर उतरत होते.

मग परत का येत नाही? कॅप्टन म्हणाले, "यायचंय. पण इथे पुन्हा रांगेत सगळ्यात शेवटी उभं राहायचं, या वयात?" वैमानिकाला पासष्टीपर्यंतच उडता येतं. राहिलेली वर्षं ते मोजून वापरतात.

घरी त्यांच्या आईने भाकरी वाढताना एवढंच विचारलं, "या खेपेला किती दिवस रे?" उत्तर ठरलेलं होतं, चौदा.

बारामतीला विमान चालवायला शिकणारा पुतण्या आला होता. त्याचा पहिला प्रश्न पगाराचा. कॅप्टननी आकडा सांगितला, लपवला नाही. मग वहीत लिहून घ्यायला लावलं: "नोटीस किती दिवसांची? प्रशिक्षणाचा बॉन्ड किती वर्षांचा? मेडिकलमध्ये नापास झालास तर पैसे कोण देणार? करार कुठल्या देशाच्या कायद्याखाली? हे चार प्रश्न आधी, पगार पाचवा."

मला वाटतं, ही यादी प्रत्येक फ्लाइंग स्कूलच्या पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहायला हवी. लाखो रुपयांचं कर्ज काढून पोरं या धंद्यात उतरतात. त्यांना वारा, ढग, इंजिन सगळं शिकवलं जातं. करार वाचायला कुणी शिकवत नाही. शेकडो प्रवाशांचा जीव ज्याच्या उजव्या हातावर सोपवतो, त्याची नोकरी तीस दिवसांच्या कागदावर टांगलेली असणं हे त्याच्याइतकंच त्या प्रवाशांच्याही हिताचं नाही.