नळीवर चढणारा प्रथिनांचा थर

एकपदरी कार्बन नॅनोनळीचा व्यास जेमतेम १ नॅनोमीटर. ती रक्तात शिरली की उघडी राहतच नाही. अल्ब्युमिन, फायब्रिनोजेन, इम्युनोग्लोब्युलिन अशी प्रथिने तिला लगेच लपेटतात. पेशीची गाठ पडते ती या लपेटलेल्या नळीशी, त्यामुळे नळी किती अपायकारक ठरेल हे बऱ्याच अंशी वरचा थर ठरवतो. नुसत्या नळीची चाचणी घेऊन निष्कर्ष काढणे म्हणूनच धोक्याचे.

प्रथिने चिकटतात कशी? नळीचा पृष्ठभाग पाण्याशी फटकून वागणारा. प्रथिनांमधले तसेच जलविरोधी भाग तिच्याकडे वळतात. ट्रिप्टोफॅन, टायरोसिन आणि फेनिलॲलनिन या अमिनो आम्लांची सपाट कडी तर नळीच्या षटकोनी जाळीवर आडवी टेकते, फरशीवर फरशी ठेवावी तशी. या ओढाताणीत कधी प्रथिनाची घडी उसवते. ते एन्झाइम असेल तर त्याचे काम मंदावते. उलट अंड्याच्या पांढऱ्यातले लायसोझाइम ध्वनिलहरींच्या माऱ्यात नळ्यांचा गुंता सोडवून त्यांना पाण्यात सुट्या ठेवते.

सर्वांत आशादायक निष्कर्ष २०१० मधला. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींतले मायलोपेरॉक्सिडेझ हे एन्झाइम हायड्रोजन पेरॉक्साइडच्या मदतीने नळ्या चक्क कुरतडते. त्याचे धनभारित भाग नळीवरच्या कार्बॉक्सिल गटांना धरून ठेवतात. अशा विघटित नळ्या उंदरांच्या फुप्फुसांत सोडल्यावर अखंड नळ्यांमुळे येणारी सूज दिसली नाही.