झाडू फुकट, सुपली मात्र विकत!

शनिवारी कॉलेज रोडच्या कॅफेत मैत्रिणीनं लॅपटॉप उघडला आणि स्क्रीनवर लालभडक पाटी झळकली. तुमच्या कॉम्प्युटरमध्ये म्हणे शेकडो प्रॉब्लेम्स! ती अंबडला एका कंपनीत अकाउंट्स बघते, जीएसटीचं रिटर्न तोंडावर आलेलं. बिचारी कार्ड काढायच्याच बेतात होती. स्कॅन फ्री, पण ते प्रॉब्लेम्स घालवायचे तर पैसे मोजा. बॉस, हाच तर सगळा फंडा आहे!

क्लीनर म्हटलं की आपल्या पिढीला आठवतं ते सीक्लीनर. २००४ मध्ये आलेलं, लंडनच्या पिरिफॉर्म कंपनीचं. पेन ड्राइव्हमधून या पीसीवरून त्या पीसीवर फिरायचं. टेम्पररी फाइल्स, ब्राउझरचा कचरा, सगळं साफ, खिशाला चाट नाही. जुलै २०१७ मध्ये अवास्टनं पिरिफॉर्म विकत घेतली. पुढच्याच वर्षी ५.४५ ही आवृत्ती आली आणि फुकट वापरणाऱ्यांच्या लक्षात आलं, की मागून चालणारं मॉनिटरिंग बंद केलं तरी ते पुन्हा आपोआप सुरू होतंय. कोणती माहिती कंपनीला पाठवायची नाही, हे ठरवायचं बटणही गायब! जगभर बोंबाबोंब झाली तेव्हा कुठे कंपनीनं ती आवृत्ती मागे घेतली.

मला खटकतं ते पैसे मागणं नाही. प्रोग्रामर लोकांनाही ईएमआय असतातच की! पुण्याच्या काटकर बंधूंच्या क्विक हीलचंच बघा. त्यांचा पीसीट्यूनर टोटल सिक्युरिटीच्या पॅकमध्ये येतो, पॅकला किंमत आहे, घ्यायचं तर घ्या. सरळ व्यवहार. चीड येते ती आधी फुकटची सवय लावायची आणि मग दाराशी बसून भीती विकायची, याची.

ही भीती किती पोकळ असू शकते, ते अमेरिकेत उघड झालं. मार्च २०२४ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं रेस्टोरो आणि रीइमेज या कंपन्यांकडून २ कोटी ६० लाख डॉलर घ्यायचं ठरवलं. आरोप असा, की मशीन ठणठणीत असलं तरी यांचं स्कॅन प्रॉब्लेम्स दाखवायचंच. म्हणजे डॉक्टरनं नाडी न बघताच ऑपरेशन सांगावं तसं!

आणि एक. क्लीनरला आपण अख्ख्या मशीनची किल्ली देतो. ऑगस्ट २०१७ मध्ये सीक्लीनरच्या ५.३३ आवृत्तीतच हॅकर्सनी मालवेअर घुसवलं. कंपनीच्या अधिकृत डाउनलोडमधून जवळपास महिनाभर ते २२ लाख ७० हजार युझर्सपर्यंत पोचलं. हॅकर्सचा खरा डोळा होता मोठमोठ्या टेक कंपन्यांवर. त्यामुळे ऑफिसच्या लॅपटॉपवर स्वतःच्या मनानं असलं काही टाकण्याआधी आयटीवाल्याला विचारा. नोकरी तुमची आहे!

मग करायचं काय? बरीचशी झाडलोट विंडोज स्वतःच करतं, तीही फुकटात. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, तिथे स्टोरेज, आणि स्टोरेज सेन्स ऑन करा. टास्क मॅनेजरमधल्या स्टार्टअपमध्ये जाऊन, मशीन सुरू होताच उगाच जागे होणारे प्रोग्रॅम झोपवा. रजिस्ट्री क्लीनरच्या तर वाटेलाच जाऊ नका. असल्या प्रोग्रॅम्सना आपला पाठिंबा नाही, असं खुद्द मायक्रोसॉफ्टच म्हणतं. ब्राउझरच्या कुकीज पुसल्या तर स्पीड वाढेल न वाढेल, सगळीकडे लॉगिन मात्र नव्यानं करावं लागेल.

हे सगळं करूनही मशीन रांगतच असेल, तर आत जुनी फिरती हार्ड डिस्क आहे का ते बघा. असेल तर क्लीनरच्या दर वर्षीच्या सबस्क्रिप्शनऐवजी तेच पैसे एसएसडीत घाला. फरक लॅपटॉप सुरू होतानाच दिसेल. आणि हो, स्टोरेज सेन्समध्ये डाउनलोड्स फोल्डरचाही पर्याय असतो. त्याला हात लावण्याआधी आतली सॅलरी स्लिप दुसरीकडे ठेवा.