लग्नपत्रिकेतली नाजूक अक्षरं जुळतात कशी?

लग्नपत्रिकेवर वधू-वरांची नावं इंग्रजीत असली, की ती बहुधा तिरक्या, नाजूक, एकमेकांत गुंतलेल्या अक्षरांत छापतात. वाटतं, कुणीतरी टाकाने एका दमात लिहिली असावीत. प्रत्यक्षात त्यातलं प्रत्येक अक्षर सुटं असतं. मग जोड दिसत कसा नाही?

रेल्वेच्या डब्यांचं कपलिंग एकाच उंचीवर असतं, म्हणून कुठलाही डबा कुठल्याही डब्याला लागतो. तसंच इथे प्रत्येक अक्षराची शेपटी ठरावीक उंचीवर संपते आणि पुढच्या अक्षराची रेघ तिथूनच उचलली जाते. देवनागरीत हेच काम शिरोरेषा करते.

शिशाच्या खिळ्यांच्या जमान्यात हे कठीण होतं. खिळ्याबाहेर डोकावणारा अक्षराचा भाग सहज मोडायचा. फोटोटाइपसेटिंग आलं, म्हणजे धातूऐवजी फिल्मवरून अक्षरं उमटू लागली, आणि ही अडचण संपली. मॅथ्यू कार्टर यांनी १९६६ मध्ये ‘स्नेल राउंडहँड’ हा टाइप केला, तो चार्ल्स स्नेल या जुन्या इंग्रज लेखनशिक्षकाच्या वळणावरून. हर्मन झाप्फ यांच्या १९९८ च्या ‘झाप्फिनो’त तर एकाच अक्षराची अनेक रूपं आहेत; शेजारचं अक्षर पाहून सॉफ्टवेअर त्यातलं एक निवडू शकतं.

या अक्षरांची नजाकत केसासारख्या बारीक रेघेत असते, आणि दुबळेपणाही तिथेच. आकार लहान केला की रेघ तुटते. गडद रंगावर पांढरी अक्षरं घेतली, तर शाई पसरून ती बुजते. सगळी अक्षरं कॅपिटल घेतली, तर वाचणंच मुश्कील. म्हणून पत्रिका छापायला द्याल, तेव्हा नावं खुशाल अशी मोठी घ्या. मुहूर्त आणि पत्ता मात्र साध्या, ठसठशीत टाइपातच ठेवा.