कोंबडीचं दुपारचं जेवण

मे महिन्यातल्या दुपारी अंगणातल्या कोंबडीकडे पाहा. पंख अंगापासून दूर धरलेले, चोच उघडी, धाप लागलेली. समोर दाणे पडलेत, पण ती टिपत नाही. आपण म्हणतो, उन्हानं हिची भूक मेली. खरं तर ती स्वतःला वाचवत असते.

मंडळी, कोंबडीला दात नसतात. टिपलेला दाणा आधी गळ्याखालच्या पिशवीत साठतो. पुढे त्यात पाचकरस मिसळतात आणि मग पेठ्यात तो दळला जातो. पेठा म्हणजे जाड स्नायूंचं जातंच. मिनिटाला साधारण दोन-तीनदा ते आवळतं. हे जातं चालतं मज्जातंतूंच्या हुकमावर. मेंदूतून निघणारा व्हेगस हा मज्जातंतू गळ्याखालची पिशवी आणि पेठा यांचा मेळ राखतो. पेठा रिकामा झाला, की पिशवी दाणे पुढे ढकलते. शिवाय पोटाच्या भिंतीतही मज्जातंतूंचं स्वतंत्र जाळं असतं. त्यामुळे व्हेगस तुटला तरी पेठा मंदावतो, पण अगदी बंद पडत नाही.

हुकूम मिळाला तरी बळ हवं. ते रक्त पुरवतं. पोटाला प्राणवायू देणारं आणि पचलेल्या अन्नाचा सत्त्वांश यकृताकडे नेणारं रक्तच. आता अडचण अशी, की कोंबडीला घाम येत नाही आणि तिच्या अंगाचं तापमान मुळातच ४१-४२ अंश सेल्सिअस. ऊन वाढलं, की रक्त तुऱ्याकडे, चोचीखाली लोंबणाऱ्या लाल कातडीकडे आणि उघड्या पायांकडे वळतं; तिथून उष्णता बाहेर पडते. रक्त तेवढंच, म्हणून आतड्याच्या वाट्याला कमी येतं. पचन मंदावतं. कुत्रं मागे लागलं, पकडापकडी झाली, तरी असंच होतं. भीतीनं दुसरे मज्जातंतू जागे होतात आणि पोटाचं काम लांबणीवर पडतं.

त्यात पचनातूनही उष्णता निर्माण होते. भरल्या पोटी कडक ऊन म्हणजे बाहेर वणवा आणि आत पेटलेली चूल. अशा दुपारी धष्टपुष्ट पक्षीसुद्धा दगावतात. दहा-बारा कोंबड्यांच्या अंड्यांवर घरखर्च भागवणाऱ्या बाईला हा मोठा फटका असतो.

उपाय बिनपैशाचा आहे. उन्हाळ्यात दाणे पहाटे द्यावेत, ऊन चढण्याच्या चार-पाच तास आधी उचलावेत आणि संध्याकाळी गारवा आल्यावर पुन्हा घालावेत. सावली आणि गार पाणी मात्र दिवसभर हवं. दुपारी मायेनं टाकलेली मक्याची मूठ तेवढी आवरावी.