घर बंद

पहाटे ५.३०. नोव्हेंबरचा गारठा, अजून अंधार. शहादा तालुक्यातल्या ब्राह्मणपुरीच्या भिलाटीत चुली पेटल्यात, भाकरी थापणं चाललंय. कापूस वेचणीच्या मजुरांना न्यायला पिकअप सातला येते. म्हणजे आमच्या हातात दीड तास. सिकलसेल तपासणी शिबिराची सरकारी वेळ दहाची. त्या वेळी इथं भेटतात म्हातारी माणसं, लेकरं आणि शेळ्या.

६.००. आशाताई पुढे, मी मागे. आमच्या अभ्यासाचं संमतीपत्रक मराठीत आहे. त्या ते भिलीत समजावून सांगतात. पुस्तकी मराठी ऐकून लोक नुसती मान डोलावतात, ती संमती मी धरत नाही. मग बोटाला सुई. रक्ताचा थेंब द्रावणात टाकायचा, काही मिनिटं थांबायचं आणि नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा स्वच्छ दिसल्या तर ठीक. द्रावण गढूळ होऊन रेघा बुजल्या, तर रक्तात सिकलसेलचं हिमोग्लोबिन आहे. माणूस नुसता वाहक की रुग्ण, हे मात्र नळी सांगत नाही. त्यासाठी पुढची तपासणी.

एका पोराच्या नळीतल्या रेघा पार बुजल्या. थंडी पडली की त्याचे सांधे धरतात. मुकादम म्हणतो, कामचुकार आहे. टेक्निशियननं त्याच्या शिरेतलं रक्त घेतलं, तोवर हॉर्न वाजला. दंडाला कापूस दाबून तो तसाच गाडीत चढला. थंडी, कष्ट, पोटात पाणी कमी: दुखणं उसळवणारं सगळं त्याच्या रोजंदारीतच आहे.

१०.००. आता नोंदवही. आधीच्या फेरीतल्या पानांवर एकच शेरा पुन्हा पुन्हा दिसतो: ‘घर बंद’. राष्ट्रीय सिकलसेल मोहीम १ जुलै २०२३ ला सुरू झाली. उद्दिष्ट: चाळिशीपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी, २०४७ पर्यंत आजाराचं निर्मूलन. पण चाळिशीच्या आतली कमावती माणसंच दिवसा शेतात असतात, आणि दिवाळीनंतर कैक कुटुंबं बिऱ्हाड घेऊन ऊसतोडीला जातात. देशातलं पहिलं आधार कार्ड २०१० साली याच शहादा तालुक्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. नंबर द्यायला माणूस सापडतो, सुई टोचायला सापडत नाही!

१.००. डबा. वरणात मीठ नाही.

४.००. नवं जोडपं, दोघांकडे वाहकाचं पिवळं कार्ड. सासूबाई विचारतात, “बाई, दोष पोरीचाच ना?” मी सांगते, “नाही आजी, दोघांकडेही सिकलसेलचं एकेक जनुक आहे.” दर गरोदरपणात मूल रुग्ण निघण्याची शक्यता चारात एक. गरोदरपणातल्या तपासण्या समजावल्या. सून ऐकत होती, नवरा मोबाइल बघत होता. त्याला पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

८.३०. शहाद्यात, लॅपटॉपसमोर. सहकाऱ्याचा मेल: ‘घर बंद’च्या ओळी गाळल्या तर विश्लेषण सुटसुटीत होईल. होईल खरं, आणि निष्कर्ष निघेल तो घरी बसणाऱ्यांचा. आरोग्यातली विषमता मोजायची म्हणून ज्यांच्यासाठी आलो, तेच त्यातून गळतील. ओळी मी ठेवल्या. शेजारी दोन रकाने वाढवले: घरचे कामाला किती वाजता निघतात, किती वाजता परततात. जिल्ह्याला पत्र लिहिलं, फिरत्या पथकाची वेळ पहाटे किंवा संध्याकाळी ठेवा. उद्या गाडी पावणेपाचला सांगितली आहे. ड्रायव्हर म्हणाला, “मॅडम, नाइट अलाउन्स लागेल.” तोही पत्रात घातला.