न टोचलेल्यांचे रक्षण

१९२७ साली एडिंबरो येथील रसायनशास्त्रज्ञ विल्यम केरमॅक आणि हिंदुस्थानातील वैद्यकीय सेवेतून मायदेशी परतलेले अँडरसन मॅकेंड्रिक यांनी साथींच्या चढउताराचे गणित प्रसिद्ध केले, तेव्हा आपली समीकरणे पारखण्यासाठी त्यांनी १९०५-०६ मधील मुंबईच्या प्लेगमृत्यूंचे साप्ताहिक आकडे घेतले होते. साथ ओसरते ती रोगास बळी पडण्याजोगी माणसे संपली म्हणून नव्हे, तर ती एका विवक्षित प्रमाणाखाली विरळ झाली म्हणून, असा त्यांचा सिद्धांत होता. लसीकरणाच्या आजच्या हिशेबाचा पायाही हाच आहे.

समजा, इन्फ्लुएन्झाचा एक रुग्ण सरासरी १.८ जणांना रोग देतो. तेव्हा शंभरांतील सुमारे ४५ जण सुरक्षित झाले, की साथीला उतरती कळा लागते. परंतु हा विषाणू वर्षागणिक रूप पालटत असल्याने लस पुष्कळदा निम्म्याच लोकांचे रक्षण करते, आणि म्हणून तेवढ्यासाठी ९० जणांना ती टोचावी लागेल. यावरून हताश होण्याचे मात्र कारण नाही. मागील साथींतून आलेली प्रतिकारशक्ती समाजात शिल्लक असते, नेहमीच्या हंगामात १.८ चा तो आकडा १.३ च्या आसपास उतरतो, आणि मग तीच निम्म्या गुणाची लस सुमारे ४६ जणांना दिली तरी भागते. लस घेऊनही ताप आला, ही तक्रार खरी असू शकते. पण लसीचे मोल एकाच देहावरून ठरविणे मला अन्यायाचे वाटते.

हा हिशेब सर्व माणसे एकमेकांत सारखीच मिसळतात असे गृहीत धरतो, आणि तसे तर कोठेच घडत नाही. मुले वर्गात दाटीने बसतात, रोग घरी आणतात, आणि घरातील वृद्धांना तो प्राणघातक ठरतो. १९६८ मध्ये हाँगकाँग फ्लूची साथ येण्यापूर्वी अमेरिकेतील मिशिगन राज्यात टेकम्सी या गावी शंभरांतील सुमारे ८५ शाळकरी मुलांना लस टोचण्यात आली; शेजारच्या एड्रियन गावी अशी तजवीज नव्हती, आणि तेथे आजाराचे प्रमाण टेकम्सीच्या सुमारे तिप्पट निघाले. पुढे १९७६ मध्ये लिला एल्वेबॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हजार माणसांची वस्ती, तिच्यातील कुटुंबे व शाळा यांसह, संगणकात उभी करून कोणाला लस दिल्याने साथ किती आवरते, याचा पडताळा घेतला.

जपानने १९६२ पासून शाळकरी मुलांना ही लस दिली, १९७७ मध्ये ती सक्तीची केली, आणि तिच्या उपयोगाविषयी शंका वाढल्यावर १९८७ मध्ये सक्ती सैल करून १९९४ मध्ये मोहीमच थांबविली. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जपानच्या मृत्युनोंदी तपासल्या असता, ही मोहीम वर्षाला अदमासे ३७,००० ते ४९,००० मृत्यू टाळीत होती असे अनुमान निघाले: दर ४२० मुलांच्या टोचणीमागे एक मृत्यू, आणि तोही बहुतेक करून लस न मिळालेल्या एखाद्या वृद्धाचा.