नवी कोल्हापुरी चावते तेव्हा

नवी कोल्हापुरी सुरुवातीला पायाला चावणारच. त्यात कारागिराची चूक नाही. तिचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं असतं. दणकट, पण तेलाला भुकेलेलं. तेल मुरलं की आतले तंतू एकमेकांवर सहज सरकतात आणि पट्टा नरमतो. म्हणून रात्री एरंडेल किंवा खोबरेल बोटानं चोळावं, विशेषतः अंगठ्याला आणि पट्ट्याच्या आतल्या कडेला. चोळावं म्हणजे चोळावंच. ओतलं तर डाग पडतात, वर धूळ बसते. पहिले काही दिवस घरातच अर्धा-पाऊण तास घालावी. विकत घेताना किंचित घट्ट घ्यावी, कातडं पुढे सैलावतं. पाण्यात भिजवून मऊ करायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका: तळ फुगतो आणि वाळताना वाकडा होतो. पावसाळ्यात तर ती माळ्यावरच बरी. करकर मात्र घालवू नये, निम्मा रुबाब तिच्यातच आहे!

२०१९ साली या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले ४ आणि कर्नाटकातले ४ जिल्हे मिळून. अस्सल जोडाची शिवण चामड्याच्या वादीची असते. तळाला खिळा दिसला तर दुकान बदला.